काठमांडूचा तोल

२०१५ च्या दसरा-दिवाळीत काठमांडूत गॅसचा सिलिंडर अर्धाच भरून मिळत होता. १४.२ किलोच्या टाकीत ७.१ किलो गॅस. नेपाळ आयल निगम या सरकारी कंपनीनेच तसा निर्णय घेतला होता, म्हणजे निदान अर्धा तरी अधिक घरांत पोचेल. लोक रिकाम्या टाक्या साखळीने एकमेकींना बांधून फुटपाथवर रांगेत ठेवत आणि घरी जात. नंबर यायला दिवसच्या दिवस लागत. सरकारी लाकूड महामंडळाने राजधानीत जळाऊ लाकूड विकायला काढलं. दसैं आणि तिहार हे नेपाळचे वर्षातले सगळ्यांत मोठे सण, आणि त्या वर्षी अनेक घरांतली सेलरोटी गच्चीवर विटांची चूल मांडून तळली गेली. एप्रिलच्या भूकंपात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली होती, लाखो कुटुंबं पत्र्याखाली आणि ताडपत्रीखाली राहत होती, आणि डोंगरात थंडी उतरत होती. पाच वर्षांखालच्या तीस लाखांहून अधिक मुलांच्या जिवाला या हिवाळ्यात धोका आहे, असा इशारा युनिसेफने नोव्हेंबरअखेर दिला.

कारण सीमेवर होतं. २० सप्टेंबर २०१५ ला नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली. भारताच्या सीमेलगतच्या तराईतल्या मधेशी आणि थारू समाजांना ती अन्यायकारक वाटली. तिच्याविरुद्धच्या आंदोलनात चाळीसहून अधिक माणसं मारली गेली होती, त्यात आंदोलक होते तसे पोलीसही. घटना जाहीर होण्याच्या दोन दिवस आधी तेव्हाचे परराष्ट्र सचिव एस. जयशंकर काठमांडूला जाऊन आले. घटना थोडी थांबवा, सगळ्यांना बरोबर घ्या, असं भारताचं म्हणणं होतं. काठमांडूने ऐकलं नाही. मग मधेशी आंदोलक रक्सौल आणि वीरगंज यांच्यामधल्या मितेरी पुलावर ठाण मांडून बसले, आणि भारताच्या बाजूने ट्रक येणं थांबलं. आम्ही नाकेबंदी केलेली नाही, आंदोलनामुळे ट्रकचालक पुढे जायला घाबरतात, हे भारताचं अधिकृत म्हणणं शेवटपर्यंत कायम राहिलं. पण जिथे आंदोलक नव्हते त्या नाक्यांवरूनही इंधनाचे टँकर मोकळेपणी का जात नव्हते, या प्रश्नाचं उत्तर नेपाळी माणसाला कधी मिळालं नाही. मला ते पटण्याजोगं आजही कुठे सापडलेलं नाही. मधेशींची तक्रार खरी होती, आणि दिल्लीने ती ज्या रीतीने हाताळली ती चुकीची होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करायला हरकत नसावी.

या काळात चीनने तेरा लाख लिटर पेट्रोल भेट म्हणून दिलं. तिबेटच्या सीमेवरच्या केरुंगच्या घाटातून टँकर खाली आले, काठमांडूत त्याचं मोठं कौतुक झालं. हिशेब मांडला तर ते पेट्रोल देशाला जेमतेम दोन दिवस पुरणारं होतं. तातोपानीचा दुसरा रस्ता भूकंपात बंद पडला होता तो थेट २०१९ मध्ये उघडला. दक्षिणेचं दार बंद झाल्यावर उत्तरेची खिडकी किती लहान आहे हे त्या हिवाळ्यात नेपाळने पाहिलं, आणि तरीही ती खिडकी मोठी करायलाच हवी, असं तिथल्या बहुतेकांच्या मनाने घेतलं.

नेपाळच्या परराष्ट्र धोरणावर कोणीही बोलायला लागला की पृथ्वीनारायण शहांचा दाखला येतोच. गोरख्याच्या या राजाने १७६८ मध्ये काठमांडू जिंकलं, विखुरलेली राज्यं एक केली, आणि मृत्यूपूर्वी दिलेल्या उपदेशात आपल्या राज्याला दोन शिळांमधल्या तरुलाची, म्हणजे कंदाची, उपमा दिली. हा दाखला आता इतका घासला गेला आहे की त्याच्या पुढचा भाग वाचायचं राहून जातं. राजा पुढे सांगतो की चीनच्या बादशहाशी सलोखा ठेवा, दक्षिणेच्या समुद्राच्या बादशहाशीही ठेवा, पण तो दक्षिणेचा फार हुशार आहे. त्याने हिंदुस्थान दाबून ठेवलाय हे राजाने पलाशीनंतर दोनच दशकांत ओळखलं होतं.

वारसांनी उपदेश पाळला असं म्हणता येत नाही. त्यांनी तिबेटवर चढाई केली, १७९१ मध्ये ताशिल्हुन्पोचा मठ लुटला, आणि पुढच्याच वर्षी चिंग बादशहाची फौज हिमालय ओलांडून काठमांडूपासून थोड्याच मजलांवर नुवाकोटजवळ येऊन ठेपली. घाबरलेल्या दरबाराने कंपनी सरकारकडे मदत मागितली. कंपनीचा वकील कर्कपॅट्रिक काठमांडूला पोचला १७९३ मध्ये, तोवर चिनी सेनापतीशी तह होऊन गेला होता. दर पाच वर्षांनी बीजिंगला नजराणा पाठवायचं ठरलं. ती शिष्टमंडळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जात राहिली. मग १८१४ मध्ये कंपनीशी युद्ध पेटलं तेव्हा नेपाळने त्याच बीजिंगकडे हात पसरले. बीजिंगने बोटही उचललं नाही. मुख्तियार भीमसेन थापांनी मराठे आणि रणजितसिंह यांच्याशीही संधान बांधायचा प्रयत्न केला, पण एकत्र उठाव करायची ताकद आणि इच्छा कोणात उरली नव्हती; आपल्याकडे पेशवाईची अखेरची वर्षं चालू होती. सुगौलीच्या तहात नेपाळने कुमाऊँ, गढवाल, सिक्कीम गमावलं, आणि काली नदी पश्चिमेची सीमा ठरली. त्या नदीचा उगम नेमका कुठला, हा वाद दोनशे वर्षांनी पुन्हा उभा राहणार होता.

पुढचं पान मराठी वाचकाच्या जवळचं आहे. १८५७ चा उठाव झाला तेव्हा काठमांडूत जंगबहादुर राणांची सत्ता होती. १८५० मध्ये ते इंग्लंड पाहून आले होते आणि इंग्रजांची ताकद त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी स्वतः फौज घेऊन खाली उतरत लखनौ घ्यायला इंग्रजांना मदत केली. बक्षीस म्हणून १८६० मध्ये बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हा तराईचा पट्टा नेपाळला परत मिळाला. नेपाळात त्याला आजही 'नया मुलुक' म्हणतात. आणि त्याच जंगबहादुरांनी त्याच इंग्रजांच्या शत्रूंना आसरा दिला. लखनौची बेगम हजरत महल काठमांडूत राहिली आणि १८७९ मध्ये तिथेच वारली. बिठूरहून निसटलेले नानासाहेब नेपाळच्या तराईत शिरले आणि तिथून त्यांचा माग हरवला. पेशव्यांच्या घरातल्या स्त्रियांना काठमांडूत थारा मिळाला. इंग्रजांनी दबाव आणला तरी जंगबहादुरांनी त्या स्त्रियांना हाती दिलं नाही. पेशव्यांचा नवलखा हार मात्र त्यांनी विकत घेतला. या व्यवहारात उदारपणा किती आणि धूर्तपणा किती हे वेगळं काढता येणार नाही. एवढं खरं की साम्राज्य भरात असताना, त्याला न दुखवता, त्याच्या शत्रूच्या बायकामुलांना घरात ठेवायची हिंमत त्या काळात हिंदुस्थानातल्या फार थोड्या दरबारांनी दाखवली.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली, तेही लिहायला हवं. इंग्रजांच्या मर्जीवर राणा घराण्याने १०४ वर्षं राज्य केलं. देश स्वतंत्र राहिला आणि प्रजेला शाळा, रस्ते, दवाखाने जवळजवळ मिळालेच नाहीत. बाहेरचा तोल साधून आतली खुर्ची पक्की करायची ही रीत तिथे रुजली, आणि नेपाळच्या दुखण्याचं मूळ मला तिथे दिसतं.

ही रीत सगळ्यांत सफाईने वापरली राजा महेंद्र यांनी. १९५५ मध्ये ते गादीवर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनशी राजनैतिक संबंध जुळले आणि डिसेंबरमध्ये नेपाळ संयुक्त राष्ट्रांत गेला. काठमांडूला तराईशी जोडणारा त्रिभुवन राजपथ भारताने बांधून दिला होता. महेंद्रांनी १९६१ मध्ये काठमांडू ते कोदारी हा तिबेटच्या सीमेपर्यंतचा रस्ता चीनकडून बांधून घ्यायचा करार केला. हिमालयाची भिंत आपलं रक्षण करते असं मानणाऱ्या दिल्लीला तो धक्का होता. साम्यवाद टॅक्सीत बसून येत नाही, असं महेंद्र म्हणाल्याचं नेपाळात अजून सांगतात. त्याच वर्षी बीजिंगमध्ये सीमा तह झाला आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरून सीमारेषा गेली. पूर्व-पश्चिम महामार्गाचे तुकडे भारत, सोव्हिएत संघ, ब्रिटन अशा वेगवेगळ्या देशांच्या मदतीने झाले. जनकपूरचा सिगारेट कारखाना आणि वीरगंजचा साखर कारखाना रशियाचा, बाँसबारीचा चामड्या-बुटांचा कारखाना चीनचा, बालाजूची औद्योगिक वसाहत अमेरिकेची. शीतयुद्धातले सगळे प्रतिस्पर्धी एका छोट्या देशात शेजारी शेजारी रस्ते आणि कारखाने बांधत होते. गरीब देशाच्या राजाने हे जमवलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण डिसेंबर १९६० मध्ये याच राजाने देशाचे पहिले निवडून आलेले पंतप्रधान बी. पी. कोईराला यांना तुरुंगात टाकलं, संसद मोडली, पक्षांवर बंदी घातली. भारताने नाराजी दाखवली, आणि त्यामुळेच चीनचा रस्ता महेंद्रांना इतका गोड वाटला. त्यानंतर चीनने १९६२ मध्ये भारतावर हल्ला केला आणि दिल्लीला काठमांडूशी जुळवून घेणं भाग पडलं. राजाची खुर्ची वाचली. कोईराला आठ वर्षं तुरुंगात राहिले, आणि नेपाळची लोकशाही तीस वर्षं लांबली. दोन बड्यांच्या भांडणाचा फायदा देशाला झाला की राजाला, हा प्रश्न नेपाळच्या इतिहासात दर पिढीत पुन्हा विचारावा लागतो.

महेंद्रांचे पुत्र वीरेंद्र यांनी १९७५ मध्ये, सिक्कीमचं विलीनीकरण होऊ घातलेलं असताना, नेपाळ शांतिक्षेत्र म्हणून मान्य करा असा प्रस्ताव मांडला. शंभराहून अधिक देशांनी तो मानला. भारताने मानला नाही. १९८८ मध्ये चीनकडून विमानविरोधी तोफांसह शस्त्रं घेतल्यावर भारताशी बिनसलं. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमन करारांची मुदत संपली आणि बहुतेक नाकी बंद झाली. केरोसीन मिळेना, जंगलं तुटली. वर्षभरात रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी पक्षांवर बंदी घालणारी राजाची पंचायत व्यवस्था उलथवली. ते आंदोलन लोकशाहीसाठी होतं, आणि नाकेबंदीने राजाची शेवटची शिदोरी संपवली होती.

दोन बडे भांडतात तेव्हा छोट्याला जागा मिळते. ते जुळवून घेतात तेव्हा काय होतं, तेही नेपाळने पाहिलं आहे. १९६० नंतर मुस्तांगमध्ये तिबेटी खंपा लढवय्ये तळ ठोकून होते आणि त्यांना अमेरिकेच्या सीआयएची मदत होती. निक्सन १९७२ मध्ये बीजिंगला गेले, अमेरिकेला खंपांची गरज उरली नाही, आणि १९७४ मध्ये त्यांच्या हातातली शस्त्रं काढून घ्यायचं काम नेपाळी सैन्याला करावं लागलं.

भारत आणि नेपाळ यांच्या नात्याची घडी ज्या कागदावर बसली आहे तो ३१ जुलै १९५० चा शांतता आणि मैत्रीचा करार. त्यावर नेपाळकडून पंतप्रधान मोहन शमशेर राणांनी सही केली, आणि भारताकडून राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी. एका देशाचा पंतप्रधान आणि दुसऱ्याचा राजदूत, एवढ्यावरूनच नेपाळला तो खटकतो. शस्त्रं आणताना भारताशी सल्लामसलत करायची अट त्याहून अधिक खटकते. करारावर सही करणारी राणाशाही सात महिन्यांत कोसळली, करार मात्र राहिला. त्याच्या दहाव्या कलमानुसार कोणताही पक्ष एक वर्षाची नोटीस देऊन तो संपवू शकतो. पंचाहत्तर वर्षांत काठमांडूच्या एकाही सरकारने ती नोटीस दिलेली नाही. राजाने दिली नाही, माओवाद्यांनी दिली नाही, भारतावर सर्वांत कडक बोलणाऱ्या के. पी. ओलींनीही दिली नाही.

का दिली नाही, ते कळायला रत्नागिरी पुरेसं आहे. दिवाळी झाली की पावस, गणपतीपुळे आणि शेजारच्या देवगडच्या कलमांच्या बागांमध्ये नेपाळी राखणदार दिसू लागतात. बागेच्या कडेला चिऱ्याची नाहीतर पत्र्याची खोपटी, आत एक चूल, दोरीवर वाळणारे कपडे, मोबाइल चार्जिंगला लावलेला. दिवसा वानरं हाकायची, फवारणीला हात लावायचा, रात्री बॅटरी घेऊन बागेतून फिरायचं. मोहोर येतो, कणी धरते, फळ तयार होतं, पेट्या भरल्या जातात. पावसाच्या तोंडावर हिशेब घेऊन ही मंडळी परतीची गाडी पकडतात. मिरकरवाड्याच्या मासेमारी नौकांवरही नेपाळी खलाशी आहेत. यांतले बरेच जण सुदूर पश्चिम नेपाळमधले: कैलाली, डोटी, अछाम. महाकाली ओलांडून बनबसाला यायचं, तिथून गाड्या बदलत कोकणात. व्हिसा नाही, पासपोर्ट नाही, कामाचा परवाना नाही. १९५० च्या कराराच्या सातव्या कलमाने ही मोकळीक दिली आहे, आणि जंगबहादुरांनी लखनौच्या बदल्यात परत मिळवलेल्या कैलालीचा माणूस तिच्या आधारावर हापूसची राखण करतो आहे. काठमांडूच्या व्यासपीठावरून करार फाडून टाकण्याची भाषा करणं सोपं असतं. सही करायची वेळ आली की असल्या लाखो चुली डोळ्यांपुढे येतात.

कोकणातले बागायतदार त्यांना सरसकट 'गुरखा' म्हणतात, त्यांचं नाव विचारायची तसदी घेणारे कमी. तीच गोष्ट आपल्या सोसायट्यांच्या फाटकावर. भारताच्या सैन्यात सात गोरखा रेजिमेंट आहेत आणि तिथली नेपाळी भरती १९४७ च्या त्रिपक्षीय करारावर चालत आली. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, चार वर्षांच्या नोकरीची अट त्या करारात बसत नाही असं नेपाळ म्हणाला, आणि तेव्हापासून नेपाळमधून नवी भरती थांबली आहे. दोनशे वर्षांचा धागा होता तो, आणि त्यावर दोन्ही राजधान्यांत जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

नाकेबंदी फेब्रुवारी २०१६ मध्ये संपली आणि मार्चमध्ये पंतप्रधान ओली बीजिंगला गेले. पारगमन करार झाला. २०१९ मध्ये त्याचा तपशील ठरला: तियानजिन, शेनझेन, लिआनयुंगांग आणि झानजियांग ही चार बंदरं, शिवाय तीन कोरडी बंदरं नेपाळला वापरता येतील. समुद्रासाठी कोलकात्याखेरीज दुसरा दरवाजा मिळाला, असा आनंद झाला. वीरगंजपासून कोलकाता सातशे किलोमीटरच्या आसपास आहे. तियानजिन तीन हजारांहून अधिक. नेपाळचा दोन तृतीयांशांच्या आसपास व्यापार अजून भारताशीच आहे, आणि चारही चिनी बंदरं बहुतांशी कागदावर आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये शी जिनपिंग काठमांडूला आले, तेवीस वर्षांत आलेले पहिले चिनी राष्ट्राध्यक्ष. केरुंग ते काठमांडू रेल्वेची चर्चा झाली. ती रेल्वे अजून अभ्यासाच्या पातळीवर आहे.

चीनच्या पैशाने खरोखर उभं राहिलं ते पोखऱ्याचं आंतरराष्ट्रीय विमानतळ. चीनच्या एक्झिम बँकेचं २१ कोटी डॉलरहून अधिक कर्ज, चिनी कंत्राटदार, आणि १ जानेवारी २०२३ ला उद्घाटन. आदल्या दिवशी चिनी दूतावासाने हा 'बेल्ट अँड रोड'चा प्रमुख प्रकल्प असल्याचं जाहीर केलं. नेपाळी अधिकाऱ्यांना ते ठाऊकच नव्हतं, कारण कर्ज नेपाळ त्या योजनेत सामील होण्याआधीचं. अन्नपूर्णेच्या पायथ्याशी देखणं टर्मिनल आहे, नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं मात्र नावापुरतीच झाली. कर्ज फेडावं लागणार आहेच. बांधकामातल्या गैरव्यवहाराचे आरोप चौकशीपर्यंत गेले आहेत. लुंबिनीजवळच्या भैरहवा विमानतळाची गत याहून बोलकी आहे. १६ मे २०२२ ला, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, ते सुरू झालं. त्याच दिवशी पंतप्रधान मोदी लुंबिनीला आले होते. ते कुशीनगरहून हेलिकॉप्टरने थेट लुंबिनीत उतरले. चिनी कंपनीने बांधलेल्या त्या नव्या विमानतळावर उतरले नाहीत. या दोन्ही विमानतळांना सोयीचे हवाई मार्ग भारताकडून हवे आहेत आणि ते मिळालेले नाहीत. नेपाळच्या राज्यकर्त्यांनी हे मार्ग पक्के करून मग कुदळ मारायला हवी होती. पैसा एकाकडून आणि आकाश दुसऱ्याकडून घ्यायचं असेल तर दोघांशी आधी बोलावं लागतं.

अमेरिकेच्या मदतीवरूनही असंच रान पेटलं. वीजवाहिन्या आणि रस्त्यांसाठी पन्नास कोटी डॉलरचं अनुदान, म्हणजे परत न करायची मदत, २०१७ मध्ये ठरली. ती संसदेत मंजूर व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. मधल्या काळात अमेरिकी सैन्य येणार अशा अफवा, दगडफेक, अश्रुधूर, चीनची उघड नाराजी. शेवटी बारा मुद्द्यांची खुलासेवार घोषणा जोडून संसदेने ती मंजूर केली. या अनुदानातली वाहिनी पुढे गोरखपूरला जोडली जाणार आहे. नेपाळच्या राजकारण्यांनी इथे एक गोष्ट नीट केली: वाद संसदेत नेला, अटी लेखी मागितल्या, उत्तर लेखी घेतलं आणि मत टाकलं. श्रीलंकेने हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीला दिल्यापासून कर्ज आणि अनुदान यांतला फरक नेपाळमधला सामान्य वाचकही जाणतो. डिसेंबर २०२४ मध्ये ओली पुन्हा बीजिंगला गेले तेव्हा सत्तेतल्या नेपाळी काँग्रेसने अनुदान असेल तरच सही, असा आग्रह धरला होता.

माझ्या मते गेल्या दहा वर्षांत नेपाळने स्वतःची बाजू सर्वांत भक्कम केली ती नद्यांमधून. एके काळी काठमांडूत हिवाळ्यात दिवसाला अठरा तासांपर्यंत वीज जायची. २०१६ नंतर कुलमान घिसिङ यांच्या कारकिर्दीत वीज प्राधिकरणाने वाटप सुधारलं, ढल्केबर ते मुझफ्फरपूर वाहिनीने भारतातून वीज आली, आणि भारनियमन संपलं. मग नवे जलविद्युत प्रकल्प सुरू झाले आणि पावसाळ्यात वीज उरू लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिशूली आणि देवीघाट या दोन प्रकल्पांची मिळून ३९ मेगावॅट वीज भारताच्या वीज बाजारात विकायला परवानगी मिळाली. दोन्ही प्रकल्प भारताच्या मदतीने बांधलेले होते. अप्पर तामाकोशी हा ४५६ मेगावॅटचा, नेपाळींच्या पैशावर उभा राहिलेला प्रकल्प. पण बांधकामात चिनी कंत्राटदार होता म्हणून त्याची वीज भारत घेत नाही. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत दहा हजार मेगावॅट घेण्याचा करार भारताने केला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारताच्या तारांवरून नेपाळची ४० मेगावॅट वीज पहिल्यांदा बांगलादेशला गेली. नेपाळ हिवाळ्यात अजून भारतातून वीज घेतो. तरी मागणारा आणि देणारा यांच्या जागा वर्षातून काही महिने बदलतात, आणि त्याने बोलण्याचा सूर बदलतो.

घरची वीज आली तसं वाहनांचं चित्र पालटलं. २०१५ च्या पेट्रोलच्या रांगा कोणी विसरलं नव्हतं. सरकारने विजेच्या मोटारींवरचा कर पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा बराच कमी ठेवला. आज नेपाळात आयात होणाऱ्या दहा नव्या प्रवासी मोटारींपैकी सात-आठ विजेवरच्या असतात. सुरुवातीला टाटांची नेक्सॉन जोरात होती, नंतर चिनी बीवायडी आणि तिच्या भावंडांनी बाजार व्यापला. दुचाकींमध्ये अजून पल्सरला मान आहे. डिझेल भारतातून मोतीहारी ते अमलेखगंज नळवाटेने येतं, ६९ किलोमीटरची ती नळवाट २०१९ पासून चालू आहे. गाडी चीनची, दुचाकी पुण्याची, वीज तामाकोशीची. परराष्ट्र मंत्रालयाच्या भाषणांपेक्षा या व्यवस्थेत नेपाळचा तोल मला अधिक पक्का वाटतो, कारण तिच्यातला एक पाय त्यांचा स्वतःचा आहे.

उत्तरेच्या वाटेचा भरवसा निसर्गही देत नाही. ८ जुलै २०२५ ला तिबेटच्या बाजूने आलेल्या पुरात केरुंगच्या वाटेवरचा रसुवागढीचा मैत्री पूल वाहून गेला. पलीकडून आलेले मालाचे कंटेनर आणि विजेच्या मोटारी भोटेकोशीत गेल्या, माणसं गेली.

ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्र मंत्री वांग यी दिल्लीत आले आणि दोन्ही देशांनी लिपुलेख खिंडीतून व्यापार पुन्हा सुरू करायचं ठरवलं. लिपुलेख हा सुगौलीच्या तहातल्या काली नदीच्या उगमाचा वाद. २०२० मध्ये भारताने तिथवर रस्ता नेला, नेपाळने त्या भागासह नवा नकाशा घटनादुरुस्तीने मान्य केला. भारताचं म्हणणं आहे की या वाटेने १९५४ पासून व्यापार चालत आला आहे. नेपाळने दिल्ली आणि बीजिंग दोघांनाही पत्र लिहून हरकत घेतली, ओलींनी शी जिनपिंग यांच्यापाशी विषय काढला. दोघांनीही ऐकून घेतलं, एवढंच.

बीजिंगहून परतलेले ओली सप्टेंबरमध्ये दिल्लीला जायचे होते. त्यांना जाता आलं नाही. समाजमाध्यमांवरची बंदी, भ्रष्टाचार आणि नेत्यांच्या मुलांचा थाट यांवर चिडलेली तरुण मुलं ८ सप्टेंबरला रस्त्यावर आली. पोलिसांच्या गोळीबारात त्या एका दिवसात एकोणीस जण मेले, पुढे मृतांचा आकडा सत्तरच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी ओलींनी राजीनामा दिला आणि सरकारचं मुख्यालय असलेला सिंहदरबार जळाला. १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या आणि निवडणुकीसाठी ५ मार्च २०२६ ही तारीख ठरली. २०२३-२४ या एका वर्षात सात लाखांहून अधिक नेपाळींनी परदेशी कामाचे परवाने घेतले, भारतात येणारे त्यात धरलेलेही नाहीत. या मुलांच्या मागण्यांत दिल्लीही नव्हती, बीजिंगही नव्हतं. त्यांना नोकरी हवी होती आणि स्वच्छ कारभार हवा होता. राणांपासून ओलींपर्यंत ज्यांनी बाहेरचा तोल साधत आतला कारभार सोडून दिला, त्यांना खाली खेचलं ते शेजाऱ्याने कमी आणि घरच्यांनी जास्त.

आपण भारतीयांनी करायचं एक काम राहून गेलं आहे. २०१६ मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून आठ मान्यवरांचा गट नेमला: १९५० च्या करारासह सगळ्या जुन्या व्यवस्था तपासा आणि काय बदलायचं ते सांगा. नेपाळच्या बाजूला प्रमुख होते भेखबहादुर थापा, भारताच्या बाजूला भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि ज्यांच्या विधानांवर आपण इथे भरपूर भांडलो. त्यांच्या या कामाची मात्र इथे कोणाला फारशी आठवण नाही. दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी एकमताने अहवाल तयार केला. जुलै २०१८ मध्ये तो पूर्ण झाला. आधी भारताच्या पंतप्रधानांना, मग नेपाळच्या पंतप्रधानांना द्यायचा, असं ठरलं होतं. दिल्लीत त्यासाठी वेळ मिळालेली नाही, म्हणून काठमांडूतही तो दिला गेलेला नाही. त्यातल्या शिफारशी पटल्या नाहीत तर नाकारण्याचा हक्क सरकारला आहे. पण आपणच नेमलेल्या माणसांनी लिहिलेला अहवाल भारत सरकारने आधी स्वीकारावा, आणि तो दोन्ही देशांच्या नागरिकांना वाचायला द्यावा.